गोठ्याची घरपट्टी

“सूनबाई, सभेत हात वर करायच्या आधी नाकानं पाह्यजो. नासलेलं कागदावर दिसत नाई, वासानं समजते.”

माझे सासरे अण्णाजी हे बोलले तेव्हा ते खाटेला लागले होते. गाव ग्रामपंचायत होतं तेव्हाचे ते सरपंच. पुढे गावाची नगरपंचायत झाली, बायांसाठी राखीव वॉर्डातून मी निवडून आले, आणि त्याच थंडीत ते गेले. तेव्हा मला वाटलं, म्हातारं माणूस, बोलतं काहीतरी. पण यंदा अंदाजपत्रकाच्या सभेआधी मी बाजाराच्या मागे जाऊन आले, ते त्यांच्याच शब्दाखातर.

पुलगावच्या रस्त्याला लागून आमचा शुक्रवारचा बाजार भरतो. मागे कापसाच्या जुन्या जिनिंगची पडकी भिंत आहे. आडोशाला अलीकडे पुरुष जातात, पलीकडे बाया. कोणी ठरवलेलं नाही, ठरून गेलं आहे. मी पलीकडे गेले आणि पदर नाकावर दाबून धरला. पाऊस नसताना ओली राहिलेली जमीन, बाभळीच्या काट्यांना अडकलेल्या पिशव्या, आणि पायावरून तोंडावर येणाऱ्या माशा. एक भाजीवाली बसली होती. दुसरी पोत्याचा आडोसा धरून उभी होती आणि तिच्या मोकळ्या हातात दगड होता, भिंतीच्या खिंडारातून कोणी डोकावलं तर मारायला. मला उलटी आली. चतुर्थीचा उपास होता, नुसतं पाणी पडलं.

दगडवाली आमची शकुबाईच निघाली. गावाच्या टोकाला राहते, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकते. तिच्या दारी गाय आहे. गोग्रास घातल्याशिवाय मी अन्न घेत नाही, म्हणून रोज सकाळची पहिली पोळी मी तिच्याच दारी नेते.

“काकू, तुम्ही कायले आल्या इथं? चतुर्थी ना आज तुमची?” तिने पोतं झटकलं. “माही तर दर शुक्रवारी राह्यते. बाजाराच्या दिवशी घोटभर पाणी नाई पेत मी. पेलं का इथं या लागते.”

“अगं, त्रास होईन.”

“झाला ना. डाक्टर म्हणे मुतखडा हाय. म्हटलं राहू दे, बाजारातून तेवढंच काही घरी येते.”

ती हसली, मला हसू आलं नाही. माझा उपास चंद्र दिसला की सुटतो. हिचा कशानं सुटायचा? आणि देवाच्या नावानं केलेल्या माझ्या उपासाचं गावाला कौतुक, हिच्या उपासाचं नावही नाही. मी तिथेच, त्या घाणीत उभी राहून तिला शब्द दिला. यंदा बाजारात बायांची सोय होईल. येत्या बाजाराला नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. पण तू बाजारात पाणी पिऊन बसशील.

“पेईन,” शकुबाई म्हणाली. “आधी जागा दाखवा.”

सभा बुधवारी होती. तर्री-पोहे आधी आले, अंदाजपत्रक नंतर. मी बाहेरचं खात नाही, म्हणून माझ्यापुढे नुसता कागद, बाकी सगळ्यांच्या कागदांवर तर्रीचे लाल डाग.

मुकेश हा आमचा लेखापाल. त्याने उभं राहून सांगितलं, “घरपट्टी वाढवायची जी मर्यादा हाय, ती यंदा लागून गेली. आता दर एक पैसाही वर नेता येत नाई. अन् बजेट तुटीचं चालत नाई, शिल्लक दाखवाच लागते. म्हणून काही कामं कापली.”

कापलेल्यांत पहिलंच बायांचं शौचालय होतं. स्वागत कमान होती तशी होती. सत्कार समारंभ होता. सभेचा अल्पोपहार तर वाढला होता.

“हे पूर्ण काढलं का, मुकेश?” मी विचारलं.

“नाई काकू. हजार रुपये ठेवले. त्यानं हेड जिवंत राह्यते.”

हेड म्हणजे खर्चाचं नाव. नाव ठेवायचं, काम करायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून मागणी नको म्हणून.

“किती दिवसांपासून जिवंत हाय ते?”

“ग्रामपंचायत होती तेव्हापासून, काकू.”

“मंग बारशाचं आमंत्रण कधी?” कोणीतरी मागून म्हणालं आणि तोंडातले पोहे सांभाळत सगळे हसले. माझ्या नाकात पुन्हा तोच जिनिंगच्या भिंतीमागचा वास आला. इथे तर भिंती नुकत्या रंगवलेल्या होत्या.

मी माझ्या आवाजात, म्हणजे हळूच, म्हणाले, “मर्यादा दरावर हाय. नोंदीवर थोडीच हाय? ओमप्रकाश भाऊंच्या मंगल कार्यालयाची नोंद अजून गोठा म्हणूनच हाय. ती नोंद नीट केली तर दर न वाढवता शौचालय होते.”

हा काही मी लावलेला शोध नव्हता. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या जागी पूर्वी खरंच गोठा होता. गुरं विकली, हॉल उठला, वर झुंबरं लागली, पण कराच्या नोंदीत तो गोठाच राहिला. गावात लग्नाला जाणारे एकमेकांना सांगतात, आज जेवण गोठ्यात आहे. वर्षानुवर्षं सगळे हसत आले, म्हणून कोणाला ते चोरीसारखं वाटत नाही.

ओमप्रकाश आमचे उपाध्यक्ष. रागावले नाहीत. अंदाजपत्रकाच्याच पानाला त्यांनी बोटं पुसली.

“वहिनी, गोठाच हाय तो. बापाच्या हातचा. सरकारी नोंद खोटी थोडीच राह्यते?”

“अन् चरतेही ना तिथं पब्लिक,” शेजारचा म्हणाला. “जेवणाचं कुपन फाडून.”

पुन्हा हशा. मला रागापेक्षा किळस आली. आमच्या घरी गोठ्यात चप्पल घालून कोणी जात नसे. वसुबारसेला सासूबाई गाईच्या खुरांवर पाणी घालायच्या, तेव्हा अण्णाजी पगडी काढून उभे राहायचे. तो शब्द या लोकांनी बोटं पुसायला घेतला होता. कर चुकवला हे एक. पण चुकवून वर गाईच्या आड बसायचं, आणि तेही तोंडाला तर्री लागलेली असताना.

“गोठा हाय म्हणता,” मी म्हणाले, “तर मंग गाय आणली तर चालन ना भाऊ?”

“घ्या. गाईले गोठ्यात कोण नाई म्हणते वहिनी? लक्ष्मी हाय ते.”

“गाय एकटी कशी येईन? संगं बाया येतीन.”

“येऊ द्या ना. गाईची सेवा करणाऱ्या बाया, मी त्याईले काऊन अडवीन? हात-पाय धुवा, बसा, पाणी-गिणी प्या. आपलंच घर समजा.”

“शुक्रवारी आणतो मंग,” मी म्हणाले. “ बाजाराच्या दिवशी.”

“आणा. दर शुक्रवारी आणा. चारा-ढेप मी टाकतो.”

टेबलं वाजली. अध्यक्ष नंदिनीताई मात्र हसल्या नाहीत. त्या सहसा ओमप्रकाशच्या पुढे जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग मुकेशकडे वळल्या. “उपाध्यक्षांची संमती इतिवृत्तात घ्या. शब्द त्यांचेच ठेवा.”

“घ्या घ्या,” ओमप्रकाश म्हणाले. “सभेच्या कागदात गोमातेचं नाव येईन. पुण्यच हाय.”

मग अंदाजपत्रक मंजुरीला आलं. हात वर झाले, माझा खालीच राहिला. शिल्लक दिसली. पोह्यांच्या प्लेटा तिथेच टेबलाखाली पडल्या होत्या, माशा बसल्या होत्या, आणि सगळे एकमेकांना अभिनंदन म्हणत होते. मी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं तेव्हा कुठे देवाजवळ बसावंसं वाटलं.

गुरुवारी मी मंगल कार्यालयाच्या चौकीदाराला विचारून आले. दुसऱ्या दिवशी तिथे लग्न नव्हतं. कोणाच्या लेकीच्या मांडवात गाय घालायची नव्हती मला. हॉलच्या मागच्या अंगाला बायांचे संडास आहेत, पांढऱ्या फरशीचे, नळाला पाणी असलेले. तेही पाहून घेतले.

शुक्रवारी सकाळी मी शकुबाईच्या दारी गेले. अंगणात चार-पाच भाजीवाल्या टोपल्या भरून बसल्या होत्या. मी त्यांना सभेत काय झालं ते सांगितलं.

“म्हणजे गाय ओमप्रकाशच्या झुंबराखाली?” एक म्हणाली.

“गाय मागच्या पटांगणात उभी राहीन. तुम्ही पाळीपाळीनं या. कोणी अडवलं तर म्हणजा, गाईसंगं आलो. पुढचं मी पाहतो.”

“अन् त्यानं शिव्या देल्ल्या तर?”

“मले देईन. सभेत त्यानंच म्हटलं, ते लिहून हाय.”

भीती मलाही होतीच. माझ्या मालकांचं कृषी केंद्राचं दुकान ओमप्रकाशच्या गाळ्यात आहे. रात्री ते एवढंच म्हणाले होते, गाळा सोडावा लागेल. आणि सकाळी त्यांनी मला नवा दोर आणून दिला.

शकुबाई माठाजवळ उभी होती. मी तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

“पक्कं ना काकू? एकदा पेलं का मंग मागं फिरता येत नाई.”

“पे.”

तिने सवयीनं आधी एक घोट घेतला आणि थांबली. मग डोळे मिटून तांब्या रिकामा केला, तोंड पदराला पुसलं आणि टोपली डोक्यावर घेतली. मी गाईच्या गळ्याला दोर बांधला, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि मंगल कार्यालयाच्या रस्त्याला लागले.