कोरड्या रात्रीचा थेंब

पहाटे कापडी छताला आतून एक थेंब धरतो. आधी नुसती ओल असते. ती शिवणीकडे सरकते, तिथे जाड होते, लांबते आणि तुटते. बाहेर पाऊस नसला तरीही.

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. पूर, वादळ, भूकंप यांत घर गेलेल्यांसाठी मला सुरतेत घडवले. माझे कापड कडोदऱ्याच्या यंत्रमागांवर विणले गेले आणि पाइप इच्छापोरला कापले. पण मला खरा आकार दिला तो उज्ज्वलाताईंनी. त्या पदार्थविज्ञान शिकलेल्या, बोलायला कमी. बाईमाणसाला मला उचलता येईल का, हे पाहायला त्यांनी मला स्वतःच्या खांद्यावर घेऊन कारखान्याला फेरी मारली होती. धाप लागली तेव्हा जड पाइप काढून हलके बसवले. माझ्या प्रत्येक शिवणीवर त्या पाणी ओतून खाली हात धरत. हात कोरडा राहीपर्यंत त्यांनी मला कारखान्याबाहेर जाऊ दिले नाही.

अठ्ठ्याण्णवच्या पुरात तापीकाठची वस्ती बुडाली आणि मी नवागामजवळच्या मैदानावर उभा राहिलो. माझ्यात भटू, त्याची बायको सुंदरा, सासू कलाबाई आणि तान्हा योगराज राहायला आले. सुंदराने माझ्या आडव्या पाइपला जुन्या लुगड्याची झोळी बांधली. एवढा विश्वास माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता.

पण पहाटे थेंब नेमका झोळीत पडू लागला. योगराज खोकू लागला.

"ताई, तुमना तंबू गळस," उज्ज्वलाताई छावणी पाहायला आल्या तेव्हा भटू म्हणाला. त्याने छताला आतून प्लॅस्टिक लावले. दुसऱ्या दिवशी पाणी दुप्पट!

उज्ज्वलाताई दिवस उजाडायच्या आत येऊन बसल्या. बाहेरून छत चाचपले, आतून चाचपले, बराच वेळ त्या थेंबाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे पावसाचं पाणी नाही. तुमचा श्वास आहे. तो गरम असतो, वर जातो, थंड कापडाला लागला की त्याचं पाणी होतं. मी पाऊस बाहेर ठेवला, पण श्वासाला वाट ठेवली नाही."

"मंग आम्ही दम लेनं सोडी देऊत का?" भटू म्हणाला. कलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. ताईसुद्धा हसल्या.

मित्रांनो, आपल्या कामातली उणीव अशी हसत पाहणारी माणसे मी थोडीच पाहिली.

उपायही त्यांनी सांगितला. दोन्ही टोकांना, अगदी वर, वीतभर कापड कापायचे आणि त्यावर पावसासाठी टोपीसारखे कापड शिवायचे. दार उघडे ठेवून पाहिले होते, पण गार वारा थेट बाळाच्या अंगावर येई.

भटूने मान हलवली. "छप्परले भोक? अजून पाऊस शे, ताई. पुरमा मनं सगळं गयं, आते हाई एक छप्पर उरनं. उद्या बघूत."

ताई कात्री घेऊन येत आणि तशाच परत जात. मी त्यांचाच होतो, तरी माझ्यात राहणाऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय त्यांनी मला हात लावला नाही. सुंदराला विचारले की ती म्हणे, "मी काय सांगू? त्यासले इचारा." आणि त्याचे रोजचे उत्तर, "उद्या."

आता मी गोदामात असतो. माझी काळजी घ्यायची तर मला ओला घडी करू नका, आधी उन्हात वाळवा. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी निवारा बांधणार असेल, तर आधी त्यात माणसे झोपवून पाहा.

तर, रोजच्या त्या 'उद्या'नंतर एका सकाळी ताई आल्या तेव्हा योगराजचा खोकला थांबत नव्हता. झोळीचे लुगडे पिळण्याइतके ओले झाले होते. भटू तो काम करी त्या कारखान्यात पुराने आणलेला चिखल उपसायला निघाला होता. त्याने छताकडे पाहिले, बाळाकडे पाहिले आणि हातातले फावडे खाली टेकवले.

"उद्या येऊ का?" ताईंनी हळूच विचारले.

सुंदराने बाळाला कलाबाईंच्या मांडीवर दिले. झोळीची गाठ सोडली, लुगडे पिळून दोरीवर टाकले. नवऱ्याकडे तिने पाहिलेही नाही.

"आजच काप, ताई," ती म्हणाली. "हाई घर मनं बी शे."