वामनरावांची जगसभा

फळ्यावर खडू टेकला की वामनरावांच्या हाताला जणू स्वतःचे डोळे फुटत. मान मुलांकडे वळलेली, बोलणे चालू, आणि हात मात्र आपल्याच तंद्रीत युरोपचा किनारा उतरवीत जाई. शनिवारी सकाळची शाळा असे. ती सुटायच्या सुमारास खिडकीतून ऊन आत येई, खडूची भुकटी त्या उन्हात तरंगत राही, आणि तिच्यामागचे ते उंच, किडकिडीत, काळ्या टोपीतले गृहस्थ धुक्यातून दिसणाऱ्या राजगडाच्या माचीसारखे क्षणभर दूरचे वाटत. मग दम्याची उबळ येई, आणि ते पुन्हा आमचे होत.

मी तेव्हा भोरच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. वामनराव इतिहास आणि भूगोल शिकवीत. एक महायुद्ध संपून पुष्कळ वर्षे लोटली होती, दुसऱ्याची कुजबुज वर्तमानपत्रांतून ऐकू येऊ लागली होती, आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी राष्ट्रे एकत्र बसून आपली भांडणे शब्दांनी सोडवतात यावर विश्वास ठेवणारी जी थोडी माणसे उरली होती त्यांत आमचे वामनराव होते. शनिवारी शाळा सुटल्यावर वरच्या इयत्तेतल्या मुलांना ते थांबवून घेत आणि बाके गोलाकार मांडून जगसभा भरवीत. एकेका मुलाकडे एकेक देश. कोणी फ्रान्स, कोणी जपान, कोणी चिमुकले बेल्जियम. निशाणे रंगवण्याचे काम माझ्याकडे होते. ज्वारीच्या वाळक्या धाटांना चिकटवलेले ते कागदी ध्वज प्रत्येकाच्या पुढ्यात उभे राहिले की नीरेकाठच्या त्या कौलारू वर्गाला काही वेगळेच गांभीर्य चढे.

सभेचा नियम एकच होता. समोरच्याला उत्तर द्यायचे असेल तर आधी त्याचे म्हणणे आपल्या तोंडाने मांडायचे, आणि तेही इतके प्रामाणिकपणे की त्याने मान डोलवून म्हणावे, “होय, मला हेच म्हणायचे होते.” त्यानंतरच आपली बाजू. हे साधेपर्यंत वामनराव कोणालाही पुढे जाऊ देत नसत. मुले चिडत, अडखळत, हसत. आणि मग एखादा असा क्षण येई की जपान झालेला मुलगा चीनची व्यथा सांगता सांगता स्वतःच गप्प होई. त्या वेळी वामनरावांच्या चेहऱ्यावर जो उजेड पसरे तो मला कधी रंगांत पकडता आला नाही.

या सभेत सर्वांत सुरेख बोले तो ज्ञानू. विंझरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत त्याचे गाव. त्या गावातून इंग्रजी शाळेत आलेला तो पहिलाच. भोरला एका ओळखीच्या घरी ओसरीवर राही. बांधा आडवा, आवाज खालचा. बोलण्याआधी पंजा उपडा करून बाकावर ठेवायची त्याला सवय होती, जणू खालच्या जमिनीचा अंदाज घेतोय. एकदा मोठ्या नदीच्या पाण्यावरून वरच्या अंगाचा देश आणि खालच्या अंगाचा देश यांचा तंटा सभेपुढे होता. ज्ञानू वरचा. त्याने खालच्या देशाची तहान अशी मांडली की हॉलंड झालेला वकिलाचा मुलगा नियम विसरून टाळ्या वाजवू लागला.

“एवढे कुठून सुचले रे?” वामनरावांनी विचारले.

“आमच्याकडं बी व्हडा हाय, मास्तर,” ज्ञानू म्हणाला. “त्येच्यावरनं दर साली डोकी फुटत्यात.”

वामनराव हसले. त्या हसण्यात केवढे समाधान होते! पुढे कितीतरी दिवस मला त्या समाधानाची भीती वाटत राहिली.

त्या वर्षी भाद्रपदातच पाऊस हटला. भात पोटरीला आलेले, खाचरे तडकू लागलेली. ज्ञानूच्या गावाने ओढ्यावर दगडमातीचा बांध घातला आणि खालच्या गावाचे पाणी तुटले. काठ्या निघाल्या. शेवटी दोन्ही गावांची माणसे देवळापुढे बसली, आणि ज्ञानूच्या गावाने मोठ्या अभिमानाने आपला शिकलेला मुलगा भोरहून बोलावून घेऊन बोलायला उभा केला.

पुढे काय झाले ते आम्हाला ज्ञानूच्याच तोंडून कळले, पण फार उशिरा. घटस्थापना झाली, दसरा गेला, तरी तो शाळेत परतला नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वामनराव मला बरोबर घेऊन निघाले. नसरापुरापर्यंत मोटारीने गेलो, पुढे बैलगाडी, आणि शेवटची चढण पायी. वामनरावांना दर वळणावर थांबावे लागे. खाली खाचरांतून कापणी चालू होती. एकेका शेतात वीस-पंचवीस विळे एका लयीत हलत होते, बायकांच्या गाण्याचा सूर डोंगराला लागून परत येत होता. फक्त एका खाचरात तीनच माणसे वाकलेली होती. ज्ञानू, त्याची आई आणि वडील.

आम्हाला पाहून ज्ञानू बांधावर आला. हातांना चिरा पडल्या होत्या.

“सावडीला कोणी नाही?” मी विचारले. कापणीला एकमेकांच्या शेतात राबायचे, ही तिकडची रीतच.

“न्हाई. आमाला वाळीत टाकलंय गावानं.”

मग त्याने सांगितले. देवळापुढे उभा राहून त्याने पंजा उपडा केला, आणि शिकवल्याप्रमाणे आधी खालच्या गावाची बाजू मांडली. त्यांची खाचरे, त्यांची वाळणारी लोंबी, त्यांच्या घरातली तोंडे. खालच्या गावचा म्हातारा पाटील उठून म्हणाला, “व्हय, ह्येच सांगायचं व्हतं आमाला!” आणि त्याच क्षणी ज्ञानूच्या मागे त्याचा थोरला चुलता ओरडला, “तू कुनाचा रं? कुनाचं खातोस?” गलका उठला. कोणीतरी सदरा धरून त्याला खाली ओढले.

“माजं निम्मंच झालं व्हतं, मास्तर,” ज्ञानू म्हणाला. “आपल्या गावाचं फुडं बोलनार व्हतो. येक दिस तुमी, येक दिस आमी, आसं पानी वाटून घ्यावं, ह्ये सांगायचं व्हतं. कुनी थांबलंच न्हाई.”

वामनराव खाली बसले. बांधावर, गवतात, कोटासकट. ज्ञानूचे वडील जवळ आले, विळा कमरेला खोचून त्यांनी रामराम केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त कठीण होते.

“मास्तर, तुमी शिकवलं त्ये वंगाळ न्हाई. पर आमाला ह्याच मानसांत ऱ्हायचं हाय.”

वामनराव वर पाहू लागले. श्वास जुळवत ते म्हणाले, “तुमचे म्हणणे असे की, मुलाने आधी आपल्या माणसांचे बोलायला हवे होते. आपलेपणाची खात्री पटल्यावाचून गाव न्यायाचे ऐकत नाही. आणि त्याची किंमत आज तुमच्या घराला मोजावी लागते आहे.”

“व्हय,” ज्ञानूचे वडील म्हणाले. “आगदी आसंच.”

आता वामनरावांची पाळी होती. त्यांचा नियमच होता तसा. मी वाट पाहिली, ज्ञानूनेही पाहिली. पलीकडच्या शेतातले गाणे थांबून पुन्हा सुरू झाले. वामनरावांनी टोपी काढून बांधावर ठेवली, ज्ञानूच्या हातातला विळा घेतला आणि ते खाचरात उतरले. दोन मुठी कापल्या असतील नसतील, खोकल्याने ते दुमडले. ज्ञानूच्या आईने त्यांना आधार देऊन बाहेर आणले. “ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमचं काम न्हवं त्ये,” ती एवढेच म्हणाली. किती मायेने म्हणाली!

झोडणी झाल्यावर ज्ञानू मुंबईला गोदीत कामाला गेला. वामनरावांनी त्याला शाळेत परत आणण्यासाठी पुष्कळ खटपट केली; त्याची फी, जेवण, सगळे पत्करायला ते तयार होते. ज्ञानूनेच नकार दिला. दोन वर्षांनी त्या दोन गावांनी पाणी आलटून पालटून घ्यायचे ठरवले. एक दिवस यांचा, एक दिवस त्यांचा. ते कोणी सुचवले, याची कोणाला आठवण नव्हती, आणि विचारायला कोणी गेलेही नाही.

जगसभा पुढे काही महिने भरली. मग युरोपात तोफा सुरू झाल्या, मुलांनाही देश व्हायला लाज वाटू लागली, आणि एका शनिवारी वामनरावांनी बाके सरळ करायला सांगितली. त्यानंतर ते नकाशे तेवढेच सुंदर काढीत, पण काढून झाल्यावर हात झटकून लगेच फळ्यापासून दूर होत. स्टाफरूममध्ये एकदा, कोणी काही विचारलेले नसताना, ते मला म्हणाले, “मी त्यांना ऐकून घेणाऱ्यांच्या सभेत बोलायला शिकवले. तशी सभा मी शाळेबाहेर स्वतः तरी कुठे पाहिली होती?”

युद्ध संपण्याच्या सुमारास मी मुंबईत ज्ञानूला भेटलो. माझगावच्या बाजूला एका खोलीत सात-आठ जणांसह तो राहत होता. ऐन पंचविशीतच कानांवर केस पांढरे होऊ लागले होते. मुकादमाशी खटका उडाला की गडी त्यालाच पुढे करतात, असे तो लाजत म्हणाला.

“आधी मुकादमाची बाजू मांडतोस?” मी विचारले.

“न्हाई,” तो म्हणाला. “आदी सांगतो, गड्यांनो, मी तुमचाच हाय. मंग मांडतो.” आणि जरा थांबून, “मास्तरांना ह्ये सांगा. त्येंनी शिकवलं त्ये चुकीचं न्हवतं. निस्तं त्येच्या आदी येक वाक्य कमी पडलं.”

भोरला येऊन मी ते वामनरावांना शब्दशः सांगितले. ते तेव्हा अंथरुणावरच असत. डोळे मिटून त्यांनी सगळे ऐकले.

“तो गावी परत येणार आहे का?”

“नाही म्हणाला.”

त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली. वाक्य त्यांना पोचले होते. पण ज्या मुलासाठी ते हवे होते तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आता मुंबईतल्या त्या माणसातही उरला नव्हता. तो हिवाळा वामनरावांना निभला नाही.

आज सभा पुष्कळ भरतात, मुले तडफेने बोलतात, आणि ऐकताना मला त्या दोघांची आठवण येते. काळ प्रत्येकाला बोलायची संधी देतो खरा. पण आपली पाळी येईपर्यंत ज्याने ऐकायला हवे तो उठून गेलेला असतो, आणि मग उरलेले सारे आयुष्य आपण त्या रिकाम्या जागेकडे पाहून बोलत राहतो.