निळ्या खडूची रेघ

शिंपीणताईच्या दुकानात दोन मशिनं होती, एक तिचं आणि एक बाबांचं. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी दर शनिवारी ती त्या मशिनला न चुकता तेल द्यायची. बसून राहिलं की मशीन रुसतं, असं बाबाच म्हणायचे.

गल्लीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी मात्र तीन महिने न रुसता बसून होते. बायको गेल्यावर सहा वर्षं एकटे राहिलेला हा शांत माणूस चर्चमध्ये प्रार्थनेला तिच्या मागच्याच बाकावर बसे. एका रविवारी त्यांनी सरळ विचारलं, लग्न कराल का माझ्याशी? प्रभूला विचारते, असं ती म्हणाली, आणि तेव्हापासून विचारतच राहिली. खूण मिळावी म्हणून कधी खिडकीतल्या पाखराकडे बघे, कधी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडे. एकदा नुसती वंशावळच निघाली. वहिनी म्हणाली, देवानं आता काय तार पाठवायची? सेहेचाळिसाव्या वर्षी नवरी व्हायचंय, आणि नखरे सोळाचे.

परवा घड्याळजी पुन्हा आले. त्यांची लेक त्यांना कायमचं आपल्या गावी बोलावत होती, तिला रविवारी उत्तर द्यायचं होतं.

"मला घाई नाही हो," ते म्हणाले. "माझी घड्याळंच तेवढी थांबत नाहीत."

आज शनिवार. मशिनला तेल देऊन झालं आणि तिने पेटीतलं पांढरं रेशीम काढलं. तिच्या लग्नासाठी बाबांनी त्यावर निळ्या खडूने आखणी केली होती. त्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं, ते पुन्हा उठले नाहीत. मुलाकडचे चार महिने थांबले आणि दुसरीकडे जमवून मोकळे झाले. रेशीम तसंच राहिलं. खडू पुसेल म्हणून तिने कुणाला हात लावू दिला नाही. मन खचलं की ती घडी उलगडायची. देवानं आणि बाबांनी मिळून आपलं आयुष्य आखलं होतं, ते हे, असं तिला वाटायचं.

कापायच्या आधी बाबा कापडावर तळवा ठेवून म्हणायचे, "खडू माझा, कात्री तुझी, प्रभू, सांभाळ चूकभूल माझी." आणि मग हात अडत नसे. लहानपणी एकदा तिने विचारलं होतं, कात्री त्याची, तर तोच का नाही कापत? बाबांनी कात्री खाली ठेवली आणि हात जोडून बसले. दुपार झाली, गिऱ्हाईक येऊन रागावून गेलं, आई जेवायला बोलावून थकली.

"बघ पोरी," बाबा शेवटी गंभीरपणे म्हणाले, "अजून त्यानं कापलेलं दिसत नाही."

आठवून तिला हसू फुटलं. हसता हसताच तिने कमरेला टेप लावला. बाबांची रेघ चोविसावर, टेप एकतिसावर. आणि मग एकाएकी आठवली ती बाबांची बाही, सदा निळी. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं, पूस. कापड कमी पडलं, पूस. दिवसातून दहादा ते आखायचे, बाहीने पुसायचे, पुन्हा प्रार्थना करून आखायचे. ज्या रेघेवर त्यांनी कधी जीव टाकला नाही, तिची आपण एकवीस वर्षं राखण केली.

तिने ब्रश उचलला. काही झालं तरी ती रेघ बाबांच्या हातची होती, म्हणून तिने ती हळुवारपणे पुसली. निळी धूळ उन्हात उडाली आणि तिच्या बाहीवर बसली. ती तिने झटकली नाही.

मग तिने स्वतःच्या मापाची आखणी केली. कापडावर तळवा ठेवून बाबांचे शब्द म्हटले आणि थोडी थांबली. पाखरू आलं नाही, काही उमटलं नाही. रेशीम त्या जुन्या दुपारसारखंच गप्प पडून होतं. तिने कात्री घातली.

कात्रीचा आवाज ऐकून वहिनी दाराशी आली आणि तोंडाला पदर लावून उभीच राहिली.

"वहिनी, घड्याळजींना निरोप द्या," शिंपीणताई म्हणाली. "उद्या उपासनेनंतर कोटाचं माप द्यायला या म्हणावं. प्रभूची इच्छा असली तर."

आणि तुकडे गोळा करून ती बाबांच्या मशिनवर जाऊन बसली. पायडल दाबलं. मशीन पहिल्या झटक्यालाच चालू झालं, जराही कुरकुरलं नाही.