सूर्यभान आचाऱ्याचं पथ्य

विजयमालाबाईंचं डोकं फिरलं ते पेढ्यांवरून. नवऱ्याच्या रक्तातली चरबी उतरली म्हणून लेक अंगद पाथर्डीहून पेढे घेऊन आला होता.

सूर्यभान म्हणजे पंचक्रोशीतला आचारी. सप्ताहात कढईभर आमटी फिकी उतरली, तर त्याने ती ओतून दिली होती आणि अख्ख्या गावाला पंगतीत ताटकळत ठेवलं होतं. त्याला पक्षाघात झाला. बोलणं परत आलं, उजवा हात लुळाच राहिला. रिपोर्टात चरबी वाढलेली निघाली, तसं अंगदने घरातलं तेल-मीठ आवळलं. सूर्यभान चार घास गिळायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. येणारेजाणारे म्हणायचे, "पथ्य पाळावं तर सूर्यभाननं."

बाईंना वाटे, एकेकाच्या थोबाडीत द्यावी. अळणी घास ज्याने कधी कुणाला माफ केला नाही, तो निमूट गिळतोय, याला काय पथ्य म्हणायचं? माणूस जगायचं सोडत चालला होता आणि लोक कौतुक करत होते.

आज डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला होता. "चरबी उतरली, चांगलं झालं. पण हे जेवत नाहीत, झोपत नाहीत, बोलत नाहीत. पक्षाघातानंतर मनही आजारी पडतं. त्याला औषध आहे." अंगदने चिठ्ठी खिशात कोंबली आणि गोळ्यांऐवजी पेढे घेतले.

"दादा काय येडे हायत का? लोक काय म्हनतील?" तो म्हणाला.

"बापाला मारून लोकान्ला पंगत घालनार हायस का?" बाई कडाडल्या. "ऊठ. गोळ्या घेऊन ये."

तो गेला, तशी त्यांनी चूल पेटवली. आमटी केली आणि नवऱ्याच्या वाटीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं.

सूर्यभानने एक घोट घेतला आणि थांबला. मग डाव्या हाताने वाटी भिरकावली.

"मीठ टाकताना डोळं फुटलं हुतं का तुजं? आमटी म्हनत्यात व्हय हिला?"

गोळ्या घेऊन आलेला अंगद दारातूनच धावला. "आई, त्यान्ला राग येऊ देऊ नको."

"गप," विजयमालाबाई म्हणाल्या. आमटी त्यांच्या लुगड्यावरून ओघळत होती. "येऊ दे. लई दिसांनी आलाय."