पंपाला झोका

त्या दोघा भावांत घर वाटलं गेलं नव्हतं, पण पंप मात्र वाटले गेले होते. थोरला लाइन पंपाच्या बाजूचा आणि धाकटा रोटरीच्या. डिझेल इंजिनाला डिझेल पाजणाऱ्या या जुन्या यंत्रांवरून ही जोडी भर जेवणात हमरीतुमरीवर यायची. वर्कशॉप थोरल्याचं, ट्रक धाकट्याचा. एक जण पंप उघडून बोलायचा, दुसरा चालवून, आणि ऐकून घ्यायची सवय दोघांनाही नव्हती.

"तुझी रोटरी म्हणजे नाजूक प्रकरण," थोरला म्हणायचा. "डिझेल हेच तिचं वंगण. डिझेलात जरा पाणी आलं की बाईसाहेब जाम. माझ्या लाइन पंपाच्या पोटात स्वतःचं तेल असतं."

"असू दे. रोटरी चावी फिरवली की गप्प होते. तुझ्या धटिंगणाला वायर ओढून गप्प करावं लागतं."

"मग ओढायची. हात मोडलेत का?"

यावर धाकट्याची बायको दोघांच्या ताटात भात वाढून विषय बदलायची.

मग व्हायचं तेच झालं. कुठल्याशा पेट्रोल पंपावर पाणी मिसळलेलं डिझेल भरलं गेलं आणि चढावर, भरल्या मालासकट, रोटरी जाम होऊन बसली. ट्रक दुसऱ्या ट्रकला बांधून वर्कशॉपात आला. थोरल्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याच इंजिनाला दोन्ही पंप बसत, आणि एक जुना लाइन पंप त्यानं जणू याच दिवसासाठी फळीवर जपून ठेवला होता. तो त्यानं उघडला, धुतला, झिजलेलं सगळं बदललं. शेवटी पंपाला झोका दिला.

झोका म्हणजे त्याच्या वर्कशॉपातला नेम. पंपाच्या पोटात एक दांडी असते, रॅक म्हणतात तिला. इंजिनाला किती डिझेल जाणार ते ती ठरवते. पंप हातात धरून तिरपा केला की रॅक आपल्या वजनानं सरकून टक् वाजली पाहिजे. उलटा तिरपा केला की पुन्हा टक्. अडली तर पंप परत उघडायचा. झोक्यानंतर पंपाला पाना लावायचा नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

टक् वाजली. पंप बसला, इंजिन सुरू झालं. धाकटा वाकून बघत होता. वरच्या एका नटाखाली डिझेलचा ओलावा दिसला आणि त्याला हसू आवरेना.

"दादा, तुझा पैलवान रडतोय की रे!"

थोरल्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खरं तर पंप उतरवायचा, वॉशर बदलायचं आणि पुन्हा झोका द्यायचा. पण भाऊ समोर दात काढून उभा होता. थोरल्यानं लांब पाना घेतला आणि नट करकचून आवळला. ओलावा थांबला.

"पूस आता त्याचे डोळे," तो म्हणाला, आणि धाकटा हसत हसत माल भरायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला दुसऱ्याच कुणाच्या पंपाला झोका देत होता. टक् वाजली आणि त्याचे हात जागच्या जागी थांबले. तो नट जास्त आवळला तर आतली नळी पिळते, आणि रॅक तिथंच अडकू शकते. इंजिन बंद करायला वायर ओढून रॅकच मागं घ्यायची असते. रॅक अडली तर वायर ओढून काय होणार?

त्यानं फोन लावला. धाकट्यानं उचलला, पण आधी इंजिनाची किंकाळीच ऐकू आली.

"दादा, बरं झालं केलास! पाय काढला तरी पळतंय. कशीबशी कडेला घेतली. चावी काढली, वायर ओढली, ऐकतच नाही!"

"केबिनमध्ये आहेस ना? टॉपचा गिअर टाक, ब्रेकवर उभा राहा, क्लच सोड. बंद पडेल."

"खाली उतरलोय. बॉनेट उघडलंय. जर्किन कोंबतो हवेच्या पाइपात, हवा तुटली की थांबेल."

"सोड! सोड ते, पळ तिथून! ऐक माझं!"

"इंजिन जाईल ना दादा..."

जन्मात भावानं त्याचं कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याही वेळी ऐकलं नाही. इंजिनाच्या आतला कनेक्टिंग रॉड लोखंडी ब्लॉक फोडून बाहेर आला, तो धाकट्याच्या छातीत.

सगळं उरकल्यावर पंप वर्कशॉपात परत आला. लोक म्हणत होते, जुना माल, धोका द्यायचाच. थोरल्यानं तो बाकावर ठेवला आणि हात लावला नाही. लावायचं धाडसच होत नव्हतं.

एका सकाळी धाकट्याची बायको दारात येऊन उभी राहिली. डोळे कोरडे, आवाज बसलेला.

"भाऊजी, हे म्हणायचे तेच खरं होतं ना? रोटरी असती तर चावीनं बंद झाली असती."

नुसतं हो म्हटलं असतं तर भागलं असतं. आयुष्यभर न हरलेला वाद एकदा हरायचा, आणि सगळं पाप पंपाच्या माथी. थोरल्याच्या जिभेवर ते हो आलंसुद्धा.

"पंप चांगला होता," तो म्हणाला.

त्यानं पंप उचलून तिच्यासमोर तिरपा धरला. आवाज आला नाही. मग बाकावरच्या शिकंज्यात धरून तोच नट जरासा सैल केला आणि पुन्हा तिरपा केला. टक्.

"एवढंच जास्त आवळलं होतं. मी. तो हसला म्हणून."

ती पंपाकडे बघत राहिली. आता ही ओरडेल, पाना उचलून मारेल, असं त्याला वाटलं. त्याला ते हवंच होतं.

"परत दाखवा," ती म्हणाली.

त्यानं नट आवळला. पंप तिरपा केला. मग नट सैल करून पुन्हा तिरपा केला. टक्.

"परत."