गेटवाल्या मावशींचा परवाना

"मावशी, परवान्याच्या साहेबांपुढे एकदा 'चुकले' म्हणा. अपिलात काहीतरी होईल," सुपरवायझर काकुळतीला आला होता.

"चुकले नाही तर कशाला म्हणू? मारलं ते मारलं." मावशींनी कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. "आणि परक्याला नाही, स्वतःच्या जावयाला मारलंय."

सुपरवायझरला हसू आवरेना.

हॉस्पिटलच्या गेटवर मावशींची उभी हयात गेली होती. दारुडे, दांडगट, सगळे त्यांनी शब्दानेच थोपवले. कुणाला बोट लावायची वेळ आली नाही. पण एका दुपारी त्या लेकीकडे डबा घेऊन गेल्या, तर पोटुशी लेक भर उन्हात स्वतःच्याच घराबाहेर उभी दिसली आणि त्यांचं डोकं फिरलं. जावयाने दार किलकिलं केलं. "घेऊन जा तुमचं पार्सल," म्हणाला. मावशींच्या हातातला स्टीलचा डबा त्याच्या कपाळावर बसला. टाके पडले. कोर्टाने गुन्हा शाबीत धरला, समज देऊन सोडलं. पण गुन्हा शाबीत झाला की सुरक्षारक्षकाचा परवाना रद्द होतो.

"नियम तो नियम," मावशी म्हणाल्या. "आजवर मीच लोकांना ऐकवत आले."

घरी लेक मुसमुसत होती. "माझ्यापायी तुझी नोकरी गेली गं, आई."

"नोकरी गेली, तू आलीस. मी काही तोट्यात नाही. ऊठ, तोंड धू."

शेजारच्या शिंपिणीने काज-बटणांचं काम दिलं. बैठं काम. मावशींच्या पायांची सूज उतरली. दोन्ही वेळा लेकीसमोर बसून गरम जेवायचं, ही चैन त्यांनी जन्मात केली नव्हती. गेटची आठवण मात्र यायची. सकाळी शिट्टीसाठी हात खिशाकडे जायचा.

मग नात झाली, त्याच हॉस्पिटलात.

दुसऱ्या दिवशी मावशी सुपाचा थर्मास घेऊन आल्या. भेटीची वेळ व्हायची होती. गेटवरच्या नव्या पोरीने त्यांना ओळखलं. मावशींनीच तिला काम शिकवलं होतं.

"मावशी, तुम्ही कशाला थांबताय? जा की आत. कोण विचारतंय?"

"हे एवढे लोक उभे आहेत, ते विचारतील," मावशी म्हणाल्या. "आणि टोपी सरळ कर."

पोरीने टोपी सरळ केली. मावशी थर्मास पदराखाली धरून रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.