एक जूनवाले

आश्रुबाचा निरोप इतका झकास झाला की तेलगावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. फाट्यावर फेटा बांधलेल्या आश्रुबाचा बॅनर लागला होता. खाली शुभेच्छुकांचे एवढे चेहरे होते की त्यातला निवृत्त होणारा कोणता, हे परक्या माणसाला विचारावंच लागलं असतं. कापसाच्या जिनिंगच्या आवारात मंडप पडला, बुंदी-भजी झाली, बरोबरच्या कामगारांनी भर आहेर केला. आश्रुबाला सफारीचं कापड, त्याच्या बायकोला, वत्सलाबाईला, मोरपंखी साडी आणि वर भिंतीवरचं घड्याळ. ज्या माणसाला आता कुठंच वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळच का देतात, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

त्रिंबकचं भाषण तर लोकांच्या काळजाला भिडलं. दोघं एका गल्लीत वाढलेले आणि सरकीचं तेल काढायच्या मशीनवर उभा जन्म शेजारी शेजारी राबलेले. "माझा मोठा भाऊ चालला," एवढं म्हणून त्रिंबकने जे डोळ्याला उपरणं लावलं, ते मॅनेजर अंगदरावांनी हाताला धरून खाली आणेपर्यंत काढलं नाही.

मग आश्रुबा उभा राहिला. खरं तर त्यालाही उपरणं डोळ्याला लावावंसं वाटत होतं, पण एवढ्या लोकांत रडायचं म्हणजे काय! त्याने छाती पुढे काढली आणि ठोकून दिलं, "लई राबलो. आता बास. आता मालकानं गाडी धाडली तरी या गेटात पाय ठेवनार न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धुळाजी हमालाने हलगी कडाडवली आणि आश्रुबाला वाजतगाजत घरी पोचवलं.

पहिल्या दिवशी तो उशिरापर्यंत झोपायचा बेत करून झोपला आणि नेहमीच्या वेळेला उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने घरातले सगळे नळ आवळले. तिसऱ्या दिवशी मिक्सर खोलला. तो पुन्हा बसेना. चौथ्या दिवशी त्याने वत्सलाबाईला भाकरीचं पीठ कसं मळावं ते सांगितलं. त्या दिवशीची भाकरी जरा जोरातच थापली गेली.

दुपारी तो ओट्यावर बसायचा. वारा तिकडून असला की जिनिंगची घरघर ऐकू यायची आणि त्याला मनापासून वाईट वाटायचं. आपल्याला करमत नाही हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कोणत्या तोंडाने?

असाच बसलेला असताना दारात स्कूटी थांबली. जिनिंगच्या ऑफिसातली स्वप्नाली आली होती. ही मुलगी परळीची, दिवाळीनंतर नव्यानेच लागलेली. पगार, पीएफ, पेन्शन असली सगळी कामं तिच्याकडे. तिने पाणी घेतलं, चहा घेतला, मिक्सरची चौकशी केली. मुद्द्यावर काही येईना.

"पोरी, पेन्शनचं काम झालं का न्हाई?" शेवटी आश्रुबानेच विचारलं.

"काका, तुमचा अर्ज वेबसाइट घेतच नाही."

"कावून?"

"पुऱ्या पेन्शनला अठ्ठावन्न पुरे लागतात. तुम्हाला अजून एक वर्ष आहे."

आश्रुबा हसला. "येडी का खुळी तू! म्या एक जूनचा. एक तारखेला जन्मलेला मानूस आदल्या दिवशी, म्हंजे एकतीस मेला घरी. बरूबर हाय सगळं."

"तारीख बरोबर आहे हो. साल पुढच्या वर्षीचं आहे. यंदा निवृत्त व्हायचे होते ते त्रिंबककाका. तेसुद्धा एक जूनचेच आहेत."

तेलगावात आणि आसपास एका पिढीचे सगळेच एक जूनचे. शाळेत नाव घालायला पोर आणलं की गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. हात कानाला लागला की पोर सहा वर्षांचं झालं आणि एक जूनला जन्मलं. आईबापाला तरी कुठं तारीख ठाऊक असायची! आश्रुबा त्रिंबकपेक्षा चांगला दीड वर्षाने मोठा, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण शाळेत गेले दोघं बरोबरच. त्रिंबकचे हात माकडासारखे लांब, ते पहिल्याच फटक्यात कानाला लागले. आश्रुबाचे हात आखूड, मान कितीही वाकडी केली तरी बोटं कानाला पोचली नाहीत. गुरुजींनी त्याला पुढच्या वर्षी यायला सांगितलं. तेव्हा कागदावर धाकटा झालेला आश्रुबा तो आजतागायत धाकटाच होता.

मालकाकडून अंगदरावांना निरोप आला होता तो एवढाच, की तेल विभागातला एक माणूस एकतीस मेला निवृत्त होतोय. अंगदराव गावातलेच. एक माणूस म्हणजे आश्रुबाच, तोच मोठा, असं त्यांनी धरलं. त्यात पुन्हा आश्रुबाच्या मिशा पिंजलेल्या रुईसारख्या पांढऱ्या, आणि त्रिंबक दर रविवारी कलप लावणारा. कागद काढून बघायची गरज कुणाला वाटणार? आश्रुबालासुद्धा वाटली नाही.

"मंग आता?" आश्रुबाने घाबरून विचारलं.

"दोन रस्ते आहेत. आत्ताच पेन्शन घेतलीत तर मिळेल, पण वर्ष आधी घेतली म्हणून कमी बसेल, आणि ती जन्मभर कमीच राहील. नाहीतर वर्षभर कामावर या आणि पुरी पेन्शन घ्या. तुम्ही नोकरी सोडल्याची तारीख मी अजून भरलेली नाही. या महिन्याचं पीएफचं चलान जाईल तेव्हा भरावी लागेल. अंगदराव म्हणाले, चूक आमची आहे, मधले दिवस रजेत धरू. तुम्ही फक्त या."

आश्रुबाला असा काही आनंद झाला की त्याला ओट्यावर बसवेना. परत मशीन! परत ती घरघर! आणि दुसऱ्याच क्षणी त्याला मंडपातला आपला आवाज आठवला. मालकानं गाडी धाडली तरी! झालं. आनंद जिथल्या तिथं विझला.

"न्हाई जमायचं," तो म्हणाला. "फेटा बांधून, आहेर घिऊन, हलगी लावून गेलेला मानूस परत गेटात? लोक त्वांडात श्यान घालतील माझ्या. कमी तर कमी पेन्शन दे."

स्वप्नालीने पुष्कळ समजावलं. आश्रुबा हलला नाही. विचार करा म्हणून ती गेली.

संध्याकाळी त्रिंबक आला. त्याला ऑफिसातून सगळं कळलं होतं. चप्पल काढायच्या आधीच तो ओरडला, "आश्र्या, माझा निरोप खाल्लास की बे तू!"

"म्या काय करू? म्या काय मागितला का?"

"बुंदी तू खाल्लीस, फेटा तू बांधलास, अन म्या रडलो! माझ्याच निरोपाला मीच रडलो बे स्टेजवर!"

आश्रुबाला हसू आवरेना. त्रिंबकलाही आवरेना. दोघं मांड्यांवर थापा मारून हसले, खोकले, पुन्हा हसले. आतून वत्सलाबाईने दोन तांबे पाणी आणून ठेवलं.

हसू ओसरल्यावर त्रिंबक अंगणाकडे बघत म्हणाला, "म्हंजे मी कागदावर घरी बसलोय अन हिकडं रोज मशीनवर जातोय. उद्यापसून यायचं न्हाई म्हनले अंगदराव. ऑफिसात हार घालू, नारळ दिऊ, म्हनले. परत मंडपाचा खर्च मालक करनार न्हाई."

आश्रुबाला एवढा वेळ हे सुचलंच नव्हतं. आपल्याला वर्ष मिळालं ते याचं गेलं.

"तू जा बे," त्रिंबक म्हणाला. "दोघांनी घरी बसून काय करायचं?"

"म्या समद्या गावापुढं बोललोय, त्रिंबक."

दारात उभी असलेली वत्सलाबाई आता बाहेर आली. "म्या बोलू का? लेक वाटं लावताना आपन काय करतो? मंडप घालतो, जेवनं घालतो, आहेर करतो, वाजवत धाडतो, ऊर फुटस्तोवर रडतो. अन चार दिसांनी तीच लेक मांडवपरतणीला येती. तवा कुनी म्हनतं का, आगं गेलती ना तू, मंग कावून आलीस? उलट पुरनपोळी घालत्यात तिला."

त्रिंबक आश्रुबाकडे बघून हसू लागला.

"अन दुसरं," ती म्हणाली, "तुमी आनखी आठ दिस घरात ऱ्हायलात, तर माहेरी मी जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या चार बायका वत्सलाबाईकडे पुरण वाटायला जमल्या. मोरपंखी साडी नेसून, डोक्यावर पोळ्यांची पाटी घेऊन ती पुढे निघाली आणि मागे मान खाली घालून आश्रुबा. वाटेत जो भेटेल त्याला ती आपणहून सांगत होती, "मांडवपरतणीला निघालेत." लोक हसले. पण ते हसणं लग्नघरातलं होतं, आणि त्याने आश्रुबाची मान हळूहळू वर आली.

जिनिंगच्या गेटावर चहाच्या सुट्टीत सगळे जमले होते. धुळाजी पुढे होऊन म्हणाला, "आली का लेक सासरहून?" सरकी निवडणाऱ्या बायकांनी तर चक्क ताट आणून आश्रुबाला ओवाळलं. त्याने डोळे मिटले आणि गेटाच्या आत पाय टाकला. काही झालं नाही. मग त्याने दुसरा पाय टाकला.

पोळ्या वाटल्या गेल्या. अंगदरावांनी तूप मागितलं, तेही होतं. कुणीतरी ओरडलं, "आश्रुबा, भाषन!"

तेवढ्यात ऑफिसाच्या पायऱ्यांवरून त्रिंबक उतरताना दिसला. गळ्यात झेंडूचा एक हार, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात मशीनजवळच्या खुंटीवरचे आपले कामाचे कपडे. त्याचं निवृत्त होणं तेवढ्यात उरकलं होतं. लोकांकडे बघून त्याने हसायचा प्रयत्न केला.

आश्रुबाने तोंडातला घास गिळला. "भाषन न्हाई," तो म्हणाला. "एक गोष्ट सांगतो. त्या दिशी मंडपात म्या खोटं बोललो. मला घरी जायचं नव्हतं. त्या ओट्यावर बसून जीव नुस्ता कासावीस झाला. मला हितंच ऱ्हायचं होतं."

गर्दीच्या कडेला पोचलेला त्रिंबक तिथंच थांबला.

"मला बी न्हाई जायचं बे, आश्र्या," तो म्हणाला.

धुळाजी खाली बघू लागला. अंगदरावांची पोळी हातातच राहिली. आश्रुबा सरळ चालत त्रिंबकपाशी गेला. त्याच्या हातातले कपडे घेतले, नारळ घेतला आणि त्याला छातीशी धरलं. धरवेल तेवढंच धरलं, कारण त्याचे हात आखूड. त्रिंबकच्या लांब हातांनी मात्र त्याला पुरतं कवेत घेतलं. बराच वेळ कुणी कुणाला सोडलं नाही.

"धुळाजी," आश्रुबा खांद्यावरूनच ओरडला, "हलगी आन! असा मुक्यानं जाऊ देतो का मी याला?"

हलगी आली. कुणीतरी आपल्या डोक्याचा रुमाल काढून त्रिंबकला बांधला. ज्यांच्या हाताला पुरण होतं त्यांनी ते पँटीला पुसलं आणि नाचायला लागले. मिरवणूक गेटाबाहेर पडू लागली, सगळ्यात पुढे आश्रुबा आणि त्रिंबक एकमेकांच्या गळ्यात हात घालून. ऑफिसाच्या दारातून स्वप्नाली धावत आली.

"काका, अहो, आज तुमचा पहिलाच दिवस! आता कुठं निघालात?"

"अर्ध्या दिसाची रजा मांड, पोरी," आश्रुबा म्हणाला. "भावाला घरी पोचवतो अन येतो."